दारणेकाठी वॉल्टन

इंग्रजी वाङ्मयात असे काही ग्रंथ आहेत की, त्यांच्या नावावरून त्यांच्या विषयाची अटकळ बांधू पाहणारा वाचक हटकून फसतो. आयझॅक वॉल्टन याचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा त्यांपैकीच एक होय. १६५३ साली लंडन येथे निघालेला हा ग्रंथ नावाप्रमाणे पाहिला तर गळाने मासे कसे धरावेत याचे पाठ देणारा आहे. आणि तसे पाठ त्यात आहेतही. कोणत्या ऋतूत कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो, दोरी कशाची वळावी, धरलेला मासा कोणते मसाले भरून भाजावा, येथपर्यंतचा तपशील वॉल्टनने मोठ्या हौसेने दिला आहे. तथापि पावणेचारशे वर्षांच्या आसपास हे पुस्तक वाचले जात आहे ते या पाठांसाठी खास नव्हे. त्यांतील पुष्कळसे पाठ आज निरुपयोगी झाले आहेत, आणि काही तर तेव्हाही खोटेच होते. पाइक नावाचा मासा पाणवनस्पतीपासून उपजतो, ही जुन्या पंडितांची समजूत वॉल्टन गंभीरपणे सांगतो आणि पुढे चालू लागतो. पुढे चालू लागणे हाच त्याचा खरा गुण आहे.

ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. मे महिन्यातील एका सकाळी लंडनबाहेर टॉटनहॅमच्या चढावर तीन वाटसरू एकत्र येतात. एक पारधी, एक ससाणे पाळणारा आणि एक गळ टाकणारा. प्रत्येक जण आपापल्या छंदाची थोरवी गातो. ससाणेवाला आपल्या वाटेने निघून जातो. पारधी मात्र गळवाल्याच्या बोलण्याने इतका मोहून जातो की, तो त्याच्याबरोबर चालू लागतो आणि त्याचा शिष्य बनतो. पुढे काही दिवस हे दोघे लीनदीच्या काठाकाठाने हिंडतात, पावसात झाडाखाली बसतात, गवळणीचे गाणे ऐकतात, रात्री खानावळीत स्वच्छ चादरींवर झोपतात. बस्स, एवढेच कथानक. परंतु हे पुस्तक कोणत्या काळी लिहिले गेले ते ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडात यादवी युद्ध नुकतेच संपले होते. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला होता. वॉल्टन राजपक्षाचा, त्याचे कित्येक धर्मोपदेशक मित्र आपल्या जागांवरून हाकलले गेले होते. पुस्तकात युद्धाचे वर्णन शोधू गेल्यास ते सापडावयाचे नाही. परंतु त्यातील प्रत्येक शांत पानामागे ते आहे. देश दुभंगलेला असताना दोन माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, वाट चालताना एकाने दुसऱ्यास कसे सांभाळून घ्यावे, हा त्याचा विषय आहे. मासा हे निमित्त. चार्ल्स लँबने १७९६ साली कोलरिजला पत्र लिहून हे पुस्तक वाचण्याचा आग्रह केला, तो काही कोलरिजने मासे धरावेत म्हणून नव्हे.

या स्नेहाला पुढे एक गोड पुरवणी जोडली गेली. १६७६ साली पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा वॉल्टन त्र्याऐंशी वर्षांचा होता. त्याच्याहून सदतीस वर्षांनी लहान असलेला कवी चार्ल्स कॉटन याने त्या आवृत्तीस दुसरा भाग लिहून दिला. कॉटनने डव्ह नदीच्या काठी १६७४ साली मासेमारीसाठी एक लहानसे दगडी घर बांधले होते, आणि त्याच्या दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली होती. ते घर आजही उभे आहे.

आता प्रश्न असा की, नद्यांच्या काठी वाढलेल्या आमच्या मराठीत या जातीचे पुस्तक का झाले नाही? याचे जे उत्तर सहसा दिले जाते ते आम्हांस मान्य नाही. मराठी वाचक शाकाहारी आहे, त्यास मासे धरण्यात रस वाटणार नाही, असे म्हणतात. ज्या भाषेच्या कादंबऱ्यांतून कोकणी स्वयंपाकघरातील आमटीचा वास दरवळतो, जिच्या बोलण्यात बाजारातील पापलेटाचा भाव हा राजकारणाइतकाच हिरीरीचा विषय आहे, तिच्याविषयी असे म्हणणे धाडसाचे होय. जीवदयेचा आक्षेपही केवळ आपला नव्हे. बायरनने ‘डॉन जुआन’मध्ये वॉल्टनला क्रूर म्हणून त्याच्याच घशात गळ अडकावा अशी इच्छा प्रकट केली आहे. वॉल्टननेही आक्षेपास जागा करून ठेवली आहे. जिवंत बेडूक गळाला कसा टोचावा हे सांगताना, हे काम त्या बेडकावर प्रेम असल्यासारखे हळुवारपणे करावे, असे तो लिहितो. हे वाचून हसावे की शहारावे हे प्रत्येकाने ठरवावे. आम्ही हसतो आणि शहारतोही.

खरे कारण आमच्या मते भाषेत आहे, आणि भाषेमागे समाजात आहे. मराठीत गळ हा शब्द उच्चारताच कपट मनात येते. गिऱ्हाईक गळाला लागते, आमिष दाखविले जाते, भोळा माणूस जाळ्यात ओढला जातो. संतवाङ्मयातही माशाची दोन रूपे वारंवार दिसतात. एक, जिभेच्या लोभाने गळाशी जाऊन प्राणास मुकणारा मासा, म्हणजे विषयासक्त जीव. आणि दुसरे, पाण्यावाचून तळमळणारी मासोळी, म्हणजे देवावाचून तळमळणारा भक्त. दोन्ही ठिकाणी मासा म्हणजे आपण स्वतः. सातशे वर्षे ज्या वाचकाने स्वतःस मासा मानले, त्याच्या हाती एकाएकी गळाची काठी देणे सोपे नाही. गळ टाकून निवांत बसणाऱ्यास मराठीत धड नावही नाही. कोळी म्हणावे तर ती जात झाली. भोई म्हणावे तर तीही जात झाली. विदर्भात ढीवर म्हणावे तर तेच. छंदास नाव नाही, कारण तो आमच्या लेखी छंद नव्हताच. तो दुसऱ्या कोणाचा तरी धंदा होता. लिहिणारा वर्ग नदीवर जात असे तो घाटावर, स्नानास व संध्येस. पाण्याच्या पृष्ठभागाखाली काय चालले आहे हे त्याने कधी विचारलेच नाही.

ज्यांनी विचारले त्यांत परकेच अधिक. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दख्खनभर हिंडला. आमच्या नद्यांतील माशांचे त्याने केलेले वर्णन १८३९च्या सुमारास शास्त्रीय जगापुढे आले. गंमत अशी की, कित्येक जातींना नवी लॅटिन नावे शोधण्याच्या भानगडीत न पडता त्याने येथे ऐकलेली नावेच लॅटिनच्या पंक्तीला नेऊन बसविली. दख्खनच्या महासीरास ‘खुद्री’, खडकांना चिकटून राहणाऱ्या एका लहान माशास ‘मुल्या’, आणखी एकास ‘कोलस’. जगातील कोणत्याही संग्रहालयात आज ही नावे याच रूपाने लिहिली जातात. मुळा-मुठेच्या काठी कोणा अनामिक माणसाने साहेबास सांगितलेले शब्द लंडनच्या ग्रंथांत अमर झाले. त्याच काळी पुण्यात लिहिल्या जाणाऱ्या मराठी गद्यात त्यांस जागा मिळाली नाही. पुढे १८७३ साली टॉमस नावाच्या मद्रासकडील अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. जिम कॉर्बेटने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’मध्ये नरभक्षकांच्या प्रकरणांत एक प्रकरण महासीर धरण्यावर घातले आहे, आणि वाघांच्या गर्जनांत तेवढेच एक पाण्यासारखे थंड आहे. कॉर्बेटचे मराठी वाचक पुष्कळ. पण ते त्याच्याकडे वाघांसाठी जातात.

हा प्रश्न आमच्या मनात पुस्तकांमुळे उभा राहिला, पण त्याचे उत्तर निराळे वळण घेऊ लागले ते घोटीस. नाशिककडे जाणारी रेल्वे थळघाट चढून १८६५ साली इगतपुरीस पोहोचली, तेव्हापासून मुंबईचा प्रवासी या बाजूने जात आला आहे. पण जातो तो नाशिकास, त्र्यंबकेश्वरास किंवा शिर्डीस. इगतपुरीनंतरचे घोटी हे स्थानक त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते. भाताच्या गिरण्या, भाताची खाचरे, आणि दक्षिणेस कळसूबाईची रांग. १,६४६ मीटर उंचीचे ते शिखर महाराष्ट्रातले सर्वांत उंच. येथून रस्ता फुटतो तो भंडारदऱ्याकडे. हा सारा मुलूख पाण्याने घेरलेला आहे. दारणा कुलंग गडाच्या उत्तर उतारावर उगम पावते आणि नांदगावाजवळ १९१६ साली बांधलेल्या धरणात अडते. रांगेच्या पलीकडे प्रवरा १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात अडते. वायव्येस वैतरणेचा जलाशय आहे. ही सर्व पाणी माणसाने अडविलेली आहेत आणि त्यांच्या तळाशी कोणाची ना कोणाची शेते आहेत, हे येथे येणाऱ्या सहलकरूंस सहसा कोणी सांगत नाही. जलाशयांत कटला व रोहू यांचे बीज सोडतात; ते मासे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. म्हणजे पाहुणा मासा बांधलेल्या पाण्यात राहतो, आणि येथला मासा ओढ्यांच्या वरच्या अंगास सरकत जातो.

आम्ही मुंबईस इंग्रजी शिकवितो, आणि गेली काही वर्षे मृग-आर्द्रेच्या सुमारास दोघां-तिघां स्नेह्यांसह घोटीस उतरून दारणेच्या वरच्या खोऱ्यात दोन-चार दिवस काढतो. तेथे एका महादेव कोळी शेतकऱ्याशी आमचा स्नेह जडला आहे. या जमातीच्या नावात कोळी असले तरी तिचा समुद्राशी संबंध नाही, ती डोंगरची. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की ओढे लाल होऊन धावू लागतात, आणि मासे खालच्या पाण्यातून उलट वर चढतात. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून खाचरात, बांधाच्या खांडीतून वरच्या खाचरात. त्यांस चढणीचे मासे म्हणतात. रात्री बायका-पोरे बॅटऱ्या घेऊन बांधांवर असतात, खांडीशी बांबूची निमुळती टोपली लावलेली असते, आणि चुलीवर नागलीच्या भाकरी होत असतात. ज्यास निसर्गाचा आनंद म्हणतात तो या रात्रीहून मोठा असेल असे आम्हांस वाटत नाही. पण त्या आनंदात एक काटा आहे. चढणीचा मासा अंडी घालावयास चढत असतो. श्रावण पाळणारी घरे श्रावणात मासा वर्ज्य करतात हे खरे. पण श्रावण येईपर्यंत चढण आटोपलेली असते. पूर्वी माणसे थोडी व ओढे पुष्कळ होते, तेव्हा हे खपून जात असे. आमचा स्नेही म्हणतो की, त्याचा बाप टोपली पहाटे काढून घेई, म्हणजे उरलेले वर जात. आता टोपल्याही वाढल्या, आणि रस्त्यावर गाडी थांबवून वाटा विकत मागणारेही वाढले.

या स्नेह्यास आम्ही एकदा वॉल्टनची गोष्ट सांगितली. डोहाकाठी बसलो होतो, आमच्या एका मित्राने गळ टाकला होता, आणि तासभर काहीच लागले नव्हते. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, “पोटाला लागतो तेव्हा आम्ही गळ नाही टाकत मास्तर. जाळं नाहीतर टोपली. गळ गुराखी पोरं टाकतात, नाहीतर म्हातारी माणसं.” मग थोड्या वेळाने त्याने विचारले, “मुंबईला वैतरणेचं पाणी जातं ना?” आम्ही हो म्हटले. “मग मासं कुठलं खाता?” समुद्राचे, आम्ही सांगितले. “म्हणजे पाणी आमचं, अन् मासं दुसऱ्याचं!” असे म्हणून तो मनमुराद हसला.

त्या पहिल्या वाक्याने आमच्या विचाराची दिशा बदलली. गळ हे येथे कामाचे साधन नसून सवडीचे साधन आहे. दिवसभर गुरांमागे राहणाऱ्या पोरास सवड असते, आणि शेतावरून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्यास सवड असते. ते दोघे एका दगडावर बसून एकच पाणी पाहतात, आणि म्हातारा पोरास सांगत असतो. म्हणजे वॉल्टनचा गळवाला व त्याचा शिष्य हे दारणेकाठी पहिल्यापासून आहेतच. अभाव सवडीचा नव्हता, स्नेहाचा नव्हता आणि नदीचा तर नव्हताच. ज्यांच्या हाती गळ होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती, इतकेच.

मग ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी काय केले? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात लघुनिबंध मराठीत अवतरला तेव्हा निवांतपणास प्रथमच वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली. फडके, खांडेकर, काणेकर यांनी त्यास घडविले. परंतु त्याचा निवांतपणा आरामखुर्चीतला होता. खिडकीतून दिसणारे झाड, हरवलेली छत्री, चहाचा पेला यांवर तो खुलतो. चिखलात पाय घालीत नाही. याला इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख मोठा अपवाद होय. १९४९च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील हा लेख पंढरीच्या वाटेवरचा आहे, त्याचा गळाशी काही संबंध नाही. पण चालता चालता माणसांशी जडणारा स्नेह त्यात आहे, आणि त्या स्नेहाआड उभी असलेली भिंतही आहे. एकाच दिंडीत चालणाऱ्या ब्राह्मणांचे व मराठ्यांचे जेवण वेगळे होते, हे बाईंनी पाहिले आणि ते त्यांस झोंबले. वॉल्टनच्या खानावळीत हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत वाटेवरच्या स्नेहाविषयी लिहावयाचे तर तो टाळून लिहिता येणार नाही, हे या लेखाने ठरवून टाकले आहे असे आम्ही समजतो.

गो. नी. दांडेकरांइतका आडवाटेने हिंडलेला लेखक मराठीत क्वचितच झाला असेल. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही १९५७ची, ‘दुर्गभ्रमणगाथा’ १९८३ची. दऱ्याखोऱ्यांतली माणसे त्यांनी जीव लावून रंगविली. पण त्यांच्या भ्रमंतीस दैवत आहे. कधी नर्मदा, कधी किल्ला. दैवतापुढे स्नेही हा सहयात्रिक होतो. गडावर पोहोचावयाचे असते, आणि पोहोचल्यावर इतिहास बोलू लागतो. वॉल्टनला कोठेच पोहोचावयाचे नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ या बाबतीत अधिक जवळचे. त्यात ते जंगलात जाऊन राहतात, पाहतात, आणि जे पाहिले ते चित्रकाराच्या हाताने लिहितात. मराठीत इतके स्वच्छ डोळे थोडे. परंतु ते एकट्याचे डोळे आहेत. आसपासची माणसे येतात-जातात. लेखकाचे खरे संभाषण स्वतःशी व जनावरांशी चालते. हा दोष नव्हे, ती त्या पुस्तकाची जात आहे.

मारुती चितमपल्ली यांचे स्थान येथे निराळे. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांस अरण्यऋषी म्हणून गौरविले; आम्हांस ते अरण्यातील विद्यार्थी म्हणून अधिक मोठे वाटतात. वनाधिकारी असूनही त्यांनी माहितगार माणसाच्या पायाशी बसण्याची लाज बाळगली नाही. नवेगावबांधचा तो विस्तीर्ण जुना तलाव, तलावावरचे ढीवर, आणि माधवराव पाटील यांच्याशी जडलेला स्नेह, यांवर त्यांनी जे लिहिले आहे ते वॉल्टनच्या सर्वांत जवळ येते. तेथे ज्ञान आहे, पाणी आहे, मासे आहेत आणि मित्र आहे. माहितीचा भार अधूनमधून इतका होतो की गद्य वाकते, हे खरे; संस्कृत ग्रंथांतील दाखला आणि ढीवराने सांगितलेली गोष्ट एकाच परिच्छेदात कोंबली जाते. पण ज्याने कोश रचले त्याचे हे ओझे क्षम्य मानले पाहिजे.

एक पुस्तक मात्र भाषांतर असूनही येथे विचारात घेतलेच पाहिजे. हेमिंग्वेच्या ‘ओल्ड मॅन अँड द सी’चे पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने १९६५ साली मराठी केले. नाव ठेवावे तर असे! शाळेत पाठ केलेल्या कोळ्याच्या कवितेची आठवण, पडूनही पुन्हा चढणारा तो जाळे विणणारा कोळी, आणि समुद्रावरचा हा म्हातारा कोळी, असे सर्व त्या दोन शब्दांत एकवटले. आम्ही वर म्हटले की, मासे धरणाऱ्यास मराठीत नाव नाही; पुलंनी श्लेषाने ती अडचण ओलांडली. परंतु मराठी वाचकाने हे पुस्तक घेतले ते पुरुषार्थाची गाथा म्हणून. म्हातारा व तो मुलगा यांच्यातील स्नेह, भाताच्या भांड्याविषयी दोघांनी रोज खेळावयाचा तो खोटा खेळ, याकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक पुस्तकाचा प्राण तेथे आहे.

हे सर्व वाचून आमच्या हाती एक साधी कसोटी आली आहे. आडवाटेच्या कोणत्याही लेखात वाट दाखविणारा एक स्थानिक माणूस असतो. पहिल्या परिच्छेदात त्याचे नाव येते, दुसऱ्यात त्याच्या काटकपणाची तारीफ होते, तिसऱ्यात तो झाडाचे नाव सांगतो, आणि चौथ्यापासून तो नाहीसा होतो. मग सूर्यास्त आणि लेखक दोघेच उरतात. असा माणूस वाटाड्या होय. जो माणूस लेखकास उलट प्रश्न विचारतो तो स्नेही. वॉल्टनचा शिष्य पानोपानी प्रश्न विचारतो म्हणून ते पुस्तक जिवंत आहे. मराठीतील निसर्गलेखन या कसोटीस लावून पाहावे. पुष्कळ नामांकित पाने कोरी पडतील.

आठवड्याच्या पुरवण्यांत हल्ली जे लिहिले जाते त्यास ही कसोटी लावणे म्हणजे अन्याय होईल. घोटीपासून अंतर किती, मुक्काम कोठे, काय पाहाल, काय खाल, छायाचित्र कोणत्या कोनातून घ्याल, एवढे सांगून ते लेख संपतात. त्यांचा परिणाम मात्र थोर लेखकांनाही हेवा वाटावा इतका. भंडारदऱ्याच्या बाजूस वळवाच्या सुमारास काजवे चमकतात हे एकदा छापून आले, आणि आता त्या दिवसांत तेथे काजव्यांपेक्षा मोटारींचे दिवे अधिक दिसतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसाऱ्याचा घाट आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून काही मिनिटांत मागे पडतो. घोटीच्या शेतकऱ्याची भाजी मुंबईस लौकर पोहोचेल, आजारी माणूस इस्पितळात लौकर पोहोचेल. त्या रस्त्यास आम्ही नावे ठेवणार नाही. पण ज्यास आपण आडवाट म्हणत होतो ती आता राजमार्गाची पायरी झाली आहे. वॉल्टनचे टॉटनहॅमही आज लंडनच्या पोटात आहे. तेथील गवळण, तो पाऊस, ते झाड यांपैकी काही उरलेले नाही. नदी कशी होती हे पाहावयाचे तर पुस्तक उघडावे लागते. दारणेविषयी उद्या कोणास तसे वाटले तर त्याने काय उघडावे?

गेल्या वर्षी आम्ही वर्गात वॉल्टनचे काही उतारे शिकविले आणि विद्यार्थ्यांस आपापल्या गावच्या पाण्याविषयी चार पाने लिहून आणावयास सांगितले. बहुतेकांनी जलप्रदूषणावर लिहिले. त्यांस शाळेपासून तीच सवय. इगतपुरी तालुक्यातून आलेल्या एका मुलीने मात्र आजीबरोबर खेकडे धरावयास गेल्याचे लिहिले, आणि तेही संवादरूपाने. बिळाच्या तोंडाशी ताजा चिखल असेल तर खेकडा आत आहे असे समजावे, चिखल वाळलेला असेल तर हात घालू नये, तेथे दुसरेच कोणी राहावयास आलेले असते, असे आजी तिला सांगते. मग आजी विचारते की, तुमच्या कॉलेजात हे शिकवितात का. आणि नाही म्हटल्यावर, मग तेथे सकाळपासून करता तरी काय, असेही विचारते. निबंध आषाढापुरताच होता. उरलेले महिने लिहून आण असे आम्ही तिला सांगितले आहे. आतापर्यंत भाद्रपद आणि आश्विन आले आहेत.